मामींचा मंगळवार

मामींच्या शेजारी भजनाला बसायचं म्हणजे मांडी लाल करून घ्यायची तयारी ठेवावी लागे. मामी ताल धरत, पण स्वतःच्या नव्हे, शेजारणीच्या मांडीवर. समेवर असा सणसणीत हात पडायचा की नवीन आलेली बाई कळवळून सरकून बसायची आणि पुढच्या वेळी मुद्दाम लांबची जागा धरायची. मी मात्र कायम त्यांच्या डाव्या हाताला बसत आले. एकदा माझ्या नवऱ्यानं ते वळ पाहून विचारलं होतं, तू भजनाला जातेस की कुस्तीला. मी म्हटलं, मामींकडे दोन्ही एकाच वेळी असतं.

हर्सूलच्या आमच्या कॉलनीत आधी त्यांचा भाचा राहायला आला, मागून त्या मुलासुनेसह आल्या. तो त्यांना मामी म्हणायचा म्हणून सगळी कॉलनी म्हणू लागली. भाच्याची पुढे बदली झाली आणि तो गेला, मामी राहिल्या. माहेर-सासर दोन्ही खुलताबादकडचं, शेतकऱ्यांचं. उंच, हाडापेरानं मजबूत. पदर कमरेला खोचल्याशिवाय त्यांना साधा चहासुद्धा पिता यायचा नाही. माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून मला त्या ‘गोळीवाली’ म्हणत. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला अजून शंका आहे.

राग त्यांच्या नाकावर असायचा आणि तो गातानाही तिथून हलायचा नाही. बाकीच्या बायका डोळे मिटून, मान वेळावून देवाला आळवायच्या. मामी डोळे उघडे ठेवून त्याला जाब विचारायच्या. मंदिराच्या हॉलमध्ये समोर गणपतीची तसबीर होती. तिच्याकडे बघत त्या एखादा चरण असा उचलायच्या, की काल याच देवानं यांचं काहीतरी नेलंय आणि आज परत मागायला आल्यात असं वाटावं. आवाज जाड, थोडा खरखरीत, वरच्या पट्टीत फाटायचा. फाटला तरी त्या खाली उतरायच्या नाहीत. मला भजनातलं फारसं कळत नाही. माझा गळाही यथातथाच. पण तो आवाज ऐकला की दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून पोटात साठलेलं सगळं मोकळं व्हायचं, एवढं मला कळत होतं.

दर मंगळवारी दुपारी आम्ही पंधराएक जणी हॉलमध्ये जमायचो. पद्धत मामींची. गोल बसायचं, तोंडं आतल्या बाजूला. मग फेरा सुरू व्हायचा. दाराजवळच्या बाईपासून एकेकीनं एकेक भजन पुढे म्हणायचं आणि बाकीच्यांनी तिच्या मागे म्हणायचं. कुणाला वगळायचं नाही, कुणी नको म्हणायचं नाही. घसा बसलेला असेल तर बसलेल्या घशानं म्हणायचं. चाल चुकली तर चुकलेली चाल सगळ्यांनी मागे म्हणायची. पेटी वाजवायच्या सुधाकाकू. त्यांना मामींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पेटीनं बाईला हुडकायचं, बाईनं पेटीला नाय.” त्यामुळे जिची पाळी असेल तिचा सूर शोधत सुधाकाकूंची बोटं पट्ट्यांवर धावायची, आणि पळतं मांजर पकडायचं असल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

सुधाकाकूंची खरी परीक्षा रुक्मिणबाईंच्या वेळी असायची. रुक्मिणबाई मेंढरंवाल्यांच्या घरातल्या. आता मेंढरं थोडी, शेळ्या जास्त, आणि घरची माणसं मजुरीला जाणारी. हर्सूलच्या तलावापलीकडून त्या चालत यायच्या. एकच भजन यायचं आणि त्याची चाल दर चरणाला निराळी व्हायची. सुरुवात जमिनीवरून व्हायची आणि तिसऱ्या चरणाला आवाज असा वर जायचा की डोंगरापल्याडची शेळी माघारी फिरावी. सुधाकाकू शेवटी पट्ट्या सोडून नुसता भाता हलवत बसायच्या. आणि आम्ही पंधरा जणी, हसू दाबत, एकमेकींच्या तोंडाकडे बघत, तो आवाज जाईल तिथे मागे मागे जायचो. सोपं नव्हतं ते. एक मुलगी नव्यानं येऊ लागली होती, ती तोंडाला पदर लावून खुदखुदली, तेव्हा मामींनी गाणं संपू दिलं आणि मग तिच्याकडे वळल्या. “चांगल्या गळ्याच्या मागं कुणी बी जातं,” त्या म्हणाल्या. “हिच्या मागं जाऊन दाखव.” पुढच्या मंगळवारी त्या मुलीला त्यांनी मुद्दाम रुक्मिणबाईंना खेटून बसवलं.

टाळ्या वाजवलेल्या त्यांना खपायच्या नाहीत. कुणाची तरी पुण्याची जाऊ एकदा पाहुणी म्हणून आली आणि एका गौळणीनंतर तिनं भाबडेपणानं टाळ्या पिटल्या. मामींनी तिला विचारलं, आम्ही इथं काय विकाया बसलोत का. ती बिचारी इतकी गडबडली की प्रसाद न घेताच उठली. मला तिची दया आली, पण मजाही वाटली, हेही सांगून टाकते.

आता यावरून मामी म्हणजे कुणी शांत, निरिच्छ वगैरे बाई होत्या असं कुणी समजू नये. त्या अत्यंत खुनशी होत्या. नळाला पाणी आलं की पहिली घागर त्यांचीच हवी. कैरीच्या लोणच्यावरून समोरच्या बाईशी त्यांनी एक अख्खा उन्हाळा अबोला धरला होता, कारण तिचं लोणचं खाऊन कुणीतरी ‘मामींच्यापेक्षा बरं’ म्हणालं होतं. क्रांती चौकात सिटी बसमध्ये जागा पकडताना मी त्यांना एका कॉलेजच्या पोराला कोपरानं बाजूला सारताना डोळ्यांनी पाहिलंय. नातवाला शेजारच्या पोरापेक्षा कमी गुण पडले तर आठवडाभर घरात कुणाला धड जेवण मिळायचं नाही. चढाओढ काय असते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच असेल, मंगळवार त्यांनी त्यातून बाहेर काढून ठेवला होता. “भांडाया सारा आठवडा पडलाय,” त्या म्हणायच्या. “मंगळवारचे दोन घंटे तेवढे सोडा.”

तेच दोन तास आमच्या बायकांनी त्यांच्याकडून काढून घेतले. हे लिहितानासुद्धा माझ्या डोक्यात तिडीक उठते.

स्वातीताई कॉलनीत राहायला आल्या तिथून ते सुरू झालं. बाई वाईट नव्हती. शास्त्रीय गाण्याच्या परीक्षा दिलेली, गळा गोड, बोलणं साखरेसारखं. दोन मंगळवार त्या गोलात बसल्या. रुक्मिणबाईंच्या वेळी त्यांनी कपाळाला आठ्या घातलेल्या मी पाहिल्या, पण बोलल्या काही नाहीत. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी एक छापील पत्रक आणलं. जालना रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात महिला भजन स्पर्धा होती. भरवणारा कुणी बिल्डर होता, पुढे निवडणुकीला उभं राहायचं होतं त्याला. ढाल, पैठण्या, शिवाय फोटो. बायकांचे डोळे लकाकले. मला वाटलं, मामी आता पत्रकाचा बोळा करून फेकणार. पण त्यांनी ते लांब धरून पाहिलं आणि विचारलं, तिथं गाणंच म्हणायचंय ना. स्वातीताई हो म्हणाल्या. मग म्हणू की, मामी म्हणाल्या, इथं म्हणतो तसं तिथं म्हणू.

इथेच मामींची चूक झाली. त्यांना खरंच वाटलं होतं की इथल्यासारखं तिथे म्हणता येईल.

सरावाला पहिल्याच दिवशी ठिणगी पडली. स्वातीताईंनी तिघींना पुढे म्हणायला निवडलं आणि बाकीच्यांनी मागे साथ करावी असं ठरवलं. वेळ दहाच मिनिटं, फेरा बसणार कसा, असा त्यांचा सवाल होता. मामींनी विचारलं, मग बाकीच्या काय पातळं दाखवाय येणारेत का. बरीच घासाघीस झाली. शेवटी तोडगा निघाला तो असा, की एकच लांब भजन घ्यायचं आणि प्रत्येकीनं त्यातला एकेक चरण पुढे म्हणायचा. स्वातीताई मोबाइलवर घड्याळ लावून बसल्या. कुणी रेंगाळलं नाही तर बसतंय, म्हणाल्या. कुणी रेंगाळलं नाही तर! रुक्मिणबाई आणि मामी ज्या गोलात बसल्यात तिथे ही अट घालणाऱ्या बाईला गाणं कळत असेल, माणसं कळत नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. आमची पाळी आली. मंचावर माइक एका रांगेत मांडलेले होते, परीक्षकांच्या दिशेनं. मामी वर चढल्या, रांग पाहिली आणि सगळ्यांना हाताला धरधरून गोल बसवलं. परीक्षकांना आमच्यातल्या निम्म्याजणींच्या पाठी दिसत होत्या. माइकवाला मुलगा एकच माइक हातात घेऊन गोलाभोवती पळू लागला. स्वातीताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, पण सुरुवात त्यांचीच होती, त्यांनी ती केली. फेरा चालू झाला. सुरुवातीच्या बायकांनी भराभर आटोपलं. माझा चरण मी म्हटला, कसा म्हटला ते देव जाणे. मग मामींची पाळी आली. मामींनी आपला चरण एकदा म्हटला, मग त्यांना तो आवडला म्हणून पुन्हा म्हटला, मग तिसऱ्यांदा वरच्या पट्टीत. माझ्या मांडीवर हात पडत होते. पहिली घंटा झाली, आणि अजून निम्म्या बायका उरल्या होत्या.

शेवटची घंटा झाली तेव्हा एकट्या रुक्मिणबाईंची पाळी उरली होती. निवेदिका ‘धन्यवाद’ म्हणाली. मामींनी ऐकलं नाही. माइकवाला मुलगा वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, “मामी, टाइम हो गया. नक्को अब, दूसरी पार्टी खडी है.” मामींनी त्याच्याकडे न पाहता बोटानं रुक्मिणबाईंना खूण केली. कुणीतरी माइक बंद केला. रुक्मिणबाईंना माइकची गरज कधीच नव्हती. त्यांचा आवाज त्या मंगल कार्यालयाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला, चाल सोडून गेला, आणि सगळा हॉल हसला. पडद्याआड पोपटी साड्या नेसलेलं पुढचं मंडळ उभं होतं, त्या बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या. मागे म्हणताना आमच्यातल्या अर्ध्याजणींचा आवाज निघेना. मामी, मी आणि आणखी चार-पाच जणी म्हणत राहिलो. फेरा पुरा झाल्यावरच मामी उठल्या.

वेळेची मर्यादा ओलांडली म्हणून आम्हाला बाद केलं. परतीच्या गाडीत स्वातीताई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. मामी मनापासून गोंधळल्या होत्या. “कामून रडायलीस?” त्यांनी विचारलं. “समद्यांनी म्हणलं की.” दोन दिवसांत तो प्रसंग कुणीतरी मोबाइलवर टिपलेला कॉलनीभर फिरला, खाली हसरी चित्रं लावून. बायकांच्या मुलांनी पाहिला, सुनांनी पाहिला, व्याह्यांनी पाहिला. ज्या बायका गोलात बसून रुक्मिणबाईंच्या मागे न लाजता जात होत्या, त्यांना आता स्वतःच्या आवाजाची लाज वाटू लागली. हे मला आजही सहन होत नाही. कुठल्याशा बिल्डरच्या मंगल कार्यालयात, पैठणीच्या आशेनं आलेले लोक हसले, म्हणून तुम्हाला इतक्या वर्षांचा मंगळवार खोटा वाटला?

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. स्वातीताई म्हणाल्या की मामींचा मान राखूनच त्या बोलत आहेत. ज्या बोलण्याची सुरुवात मान राखून होते, त्यात पुढे काय येणार हे मला दुकानात बसून पुरतं कळलेलं आहे. मंडळ नव्यानं बांधायचं, गुरुवारी आणि शनिवारी सराव घ्यायचा, ज्यांना सूर धरता येतो त्यांची नावं स्पर्धेला, बाकीच्यांनी मंगळवारी नेहमीसारखं भजन म्हणावं. आणि मामींनी मंडळाच्या मार्गदर्शक व्हावं. फलकावर वर मधोमध त्यांचा फोटो राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मामींनी एकच विचारलं, “मार्गदर्शकानं बसायचं कुठं?”

स्वातीताई म्हणाल्या, समोर, पहिल्या रांगेत, खुर्चीवर.

मी उठून तोंडाला येईल ते बोलले. जिला तुम्ही गोलातून उचलून खुर्चीत बसवताय तिच्यामुळे तुम्हाला तोंड उघडता आलं, असं म्हणाले. स्वातीताईंना म्हणाले, तुमचा गळा गोड आहे, पण तुम्ही आजवर कुणाच्या मागे गेलात ते सांगा. सुधाकाकू पेटीच्या कापडाच्या घड्या करत बसल्या. भांडायला समोर माणूस असला तर बरं असतं. त्या बायका नुसत्या खाली बघत होत्या आणि त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

मंगळवार काही महिनेच टिकला. सरावानं दमलेल्या बायका मंगळवारी येईनात. सूर बिघडतो म्हणून स्वातीताईंनीच त्यांना सांगितलंय, असं एकीनं मला दुकानात हळूच सांगितलं. मग हॉलची किल्लीही गुरुवारवाल्यांकडे गेली. एका मंगळवारी मी पोहोचले तर रुक्मिणबाई बंद दाराच्या पायरीवर बसलेल्या. कधीपासून बसल्यात विचारलं तर म्हणाल्या, “बसले जराशी. येतील म्हणलं.”

मंडळाची मात्र भरभराट झाली. आधी उत्तेजनार्थ, मग दुसरा क्रमांक, मग पहिला. एका रंगाच्या साड्या, एका मापाचे गजरे. सुधाकाकूंचा हात संथ पडतो म्हणून पेटीला बाहेरून माणूस आला, आणि सुधाकाकूंना टाळ देण्यात आले. त्यांचं बक्षिसाचं भजन स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रितसुद्धा करून आणलं. स्पर्धा जवळ आली की या बायका माझ्या दुकानात घशाच्या गोळ्या न्यायला येत. कुणाला पुढची जागा मिळाली, कुणाचं नाव कापलं, हेच बोलणं. एक जण काउंटरला टेकून रडली होती, तिला मागच्या ओळीत टाकलं म्हणून. पूर्वी याच बायका मंगळवारी हॉलमधून निघताना रस्ताभर गुणगुणत जायच्या. आता घसा जपायचा असतो. मी गोळ्या देत होते आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होते.

मामींनी मंगळवार आपल्या ओट्यावर आणला. आम्ही चौघी. त्या, मी, रुक्मिणबाई आणि समोरची ती लोणचंवाली, जिच्याशी एव्हाना बोलणं सुरू झालं होतं. एकदा मी तावातावानं म्हटलं, आपण पण मंडळ काढू, त्याच स्पर्धेत उतरू आणि यांना पाडून दाखवू. मी ते गमतीनं म्हणत नव्हते. कोण कोण येईल याची नावंही मी काढली होती. मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बोलायची थांबले. “म्हंजी तू बी तीच,” त्या म्हणाल्या. “हारवाया म्हणायचं असंल तर त्यांच्यातच जा की, गोळीवाले. तिथं साड्या बी मिळतेत.” इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता. मी उठून घरी आले. पुढच्या मंगळवारी पुन्हा गेले, आणि त्यांनी काही झालंच नाही अशा थाटात डाव्या हाताला जागा करून दिली.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पाणी मागायचं तर तोंडातून भलताच शब्द यायचा, मग त्या स्वतःवरच चिडून डावा हात पलंगावर आपटायच्या. पण भजनाची ओळ सुरू केली की शब्द यायचे. पुष्कळांच्या बाबतीत असं होतं, डॉक्टर म्हणाले. सूर मात्र पार गेला होता. आवाज कधी घरंगळायचा, कधी वर जाऊन तिथेच अडकायचा. मंगळवारी आम्ही तिघी पलंगाभोवती बसायचो. मामी म्हणायच्या आणि त्या जातील तिथे आम्ही मागे जायचो. रुक्मिणबाईंना ते आमच्यापेक्षा सहज जमायचं. मामींचे डोळे पूर्वीसारखेच उघडे असायचे, रागीट, आणि गाऊन झालं की चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं की मला तिथून उठवत नसे.

मंडळाचा पहिला क्रमांक आला तेव्हा सगळ्याजणी ढाल घेऊन मामींना भेटायला आल्या. त्या दुपारी मी तिथेच होते. ढाल मामींच्या मांडीवर ठेवली, फोटो झाले. स्वातीताईंच्या मुलीनं मोबाइल धरला आणि त्यांनी बक्षिसाचं भजन सुरू केलं. अगदी स्वच्छ, नेटकं. दुसऱ्या ओळीला मामींनी आवाज लावला. घरंगळणारा, अडकणारा, फाटका आवाज, आणि त्यांच्यात होता नव्हता तेवढा जोर. बायका गडबडल्या. एकीलाही त्यांच्या मागे जाता येईना. इतकी वर्षं ज्या गेल्या होत्या, त्यांना ते येईना. स्वातीताईंनी गाणं न थांबवता मामींच्या खांद्यावर हळूच थोपटलं, लहान मुलाला गप्प करावं तसं. मामी थांबल्या नाहीत. शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. रुक्मिणबाई दाराशी उभ्या होत्या, त्या आणि मी जमेल तसं मामींच्या मागे म्हणत होतो. एका खोलीत एकाच वेळी दोन भजनं चालली होती.

त्यानंतर मामी फार दिवस राहिल्या नाहीत.

तेरवीला त्यांच्या दारात मांडव होता. जेवणाआधी मुलानं आतला मोठा टीव्ही बाहेर आणवला आणि मंडळानं पाठवलेली चित्रफीत लावली. ‘आमच्या मार्गदर्शक’ असं वर लिहिलेलं. पलंगावर बसलेल्या मामी, मांडीवर ढाल, भोवती बायका. मामींचे ओठ हलत होते, मान ताठ, डोळे उघडे. आणि आवाज येत होता तो स्टुडिओतला. गोड, स्वच्छ, तंबोऱ्याला चिकटलेला. मामींचा एक श्वाससुद्धा त्यात ठेवला नव्हता. मांडवातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आजारपणात सुद्धा किती गोड गात होत्या, असं कुणीतरी म्हणालं. मागच्या खुर्चीवर स्वातीताई होत्या. मी सरळ त्यांच्यापाशी गेले आणि विचारलं, हे कुणी केलं. त्यांनी हलक्या आवाजात समजावलं की मूळचा आवाज ऐकवण्यासारखा नव्हता, आजारी माणसाचं तसं लोकांत दाखवलेलं बरं दिसत नाही, मामींचीच लाज राखलीय. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी टीव्हीपाशी गेले आणि तो बंद केला. म्हटलं, “हा आवाज मामींचा नाही.”

मामींचा मुलगा पुढे आला. चांगला माणूस आहे तो. वाळूजच्या कंपनीत पाळ्या करण्यात आयुष्य गेलं, मंगळवारी दुपारी तो कधीच घरी नसायचा. मला वाटलं, आता मला हाताला धरून बाहेर काढणार. पण त्यानं विचारलं, “मग आईचा कसा होता?”

रागानं विचारलं नव्हतं. त्याला खरोखर माहीत नव्हतं. आईचा आवाज त्याला हाका मारण्यातला आणि ओरडण्यातला तेवढा ठाऊक होता.

माझ्याजवळ ऐकवायला काही नव्हतं; स्पर्धेचा जो तुकडा मोबाइलवर फिरला होता त्यातही आवाज होता तो रुक्मिणबाईंचा. आम्ही कधी काही ध्वनिमुद्रित केलं नव्हतं. मग मी तिथेच उभ्यानं तोंड उघडलं आणि त्या म्हणायच्या तसा एक चरण म्हटला. माझ्या पट्टीत तो बसत नाही, मी तो त्यांच्या पट्टीत उचलला, डोळे उघडे ठेवून, भांडण काढल्यासारखा. वर जाऊन गळा फाटला. मी खाली उतरले नाही. कुठून तरी रुक्मिणबाईंनी मागे धरलं, मग लोणचंवालीनं. सुधाकाकू मांडवातल्या बायकांत बसल्या होत्या, त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण आवाज काही मला ऐकू आला नाही. चरण संपला तेव्हा मुलगा खाली मान घालून उभा होता. स्वातीताई उठून गेल्या होत्या. मग कुणीतरी वाढायला घ्या म्हणालं आणि पंगत सुरू झाली.

माझा घसा असा बसला की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांशी बोलता येईना, खुणांनी गोळ्या द्याव्या लागल्या. घसा दोन-तीन दिवसांत सुटला. राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.